गोव्यातलं लोहखनिज: शोध, खाणी आणि पाणी

गोव्याचा खाणपट्टा म्हणजे डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे आणि केपे हे पूर्वेकडचे तालुके. इथलं खनिज म्हणजे मुख्यतः हेमॅटाइट (लोह आणि ऑक्सिजनचं खनिज), वर जांभ्याचा थर आणि त्याखाली बराचसा माल भुकटीसारखा. पावसाच्या पाण्याने खडकातली सिलिका लाखो वर्षं धुऊन नेली आणि लोह मागे राहिलं, असा हा साठा तयार झाला. ग्रेड, म्हणजे मालातलं लोहाचं प्रमाण, तशी कमीच, पण २००० नंतर चीनने असला मालही भरपूर उचलला आणि तेव्हाच सगळं हाताबाहेर गेलं.

शोध कसा घेतात? आधी नकाशे, मग ठराविक अंतरावर बोअर मारून खडकाचे दंडगोल तुकडे म्हणजे कोअर काढायचे, ते पेटीत खोलीप्रमाणे क्रमाने लावायचे आणि लॅबमध्ये लोह, सिलिका, अल्युमिना तपासायचं. भुकटी मालात कोअर अख्खा येतच नाही, चुरा होतो, त्यामुळे अंदाज चुकायची भीती असते.

आता खरा मुद्दा, जो अभ्यासक्रमात एका ओळीत उरकतात. हा भुकटी थरच इथला मोठा भूजलसाठा आहे. म्हणजे खनिज काढायचं तर पाण्याच्या पातळीखाली जावं लागतं, पिटमधलं, म्हणजे खाणीच्या खड्ड्यातलं पाणी रात्रंदिवस पंपाने उपसावं लागतं, आणि मग आसपासच्या विहिरी आटतात, गावात टँकर येतो. त्यामुळे बोअर मारतानाच पाण्याची पातळीही मोजली पाहिजे, आणि साठा किती टन हे लिहिताना पाणी किती जाणार हेही त्याच रिपोर्टमध्ये आलं पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

दुसरा प्रश्न मातीचा. एक टन खनिजामागे साधारण अडीच-तीन टन माती निघते, तिचे डंप डोंगराएवढे, आणि पाऊस वर्षाला ३००० मिमीच्या आसपास. लाल गाळ ओहोळातून थेट शेतात उतरतो आणि सुकला की वर कडक पापुद्रा धरतो, सत्तरीतल्या पिसुर्ले गावच्या शेतकऱ्यांना विचारा.

पोर्तुगीज काळात दिलेल्या खाणकामाच्या हक्कांचं (कन्सेशन) १९८७ च्या कायद्याने लीजमध्ये, म्हणजे भाडेपट्ट्यात, रूपांतर झालं. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या अहवालानंतर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी दिली, पण सरकारने ८८ लीज लिलावाशिवाय रिन्यू केल्या आणि त्या कोर्टाने फेब्रुवारी २०१८ मध्ये रद्द केल्या. ट्रकवाले, बार्जवाले, गॅरेजवाले अशी हजारो खाण अवलंबित माणसं घरी बसली, त्यांचं दुःख खोटं नव्हतं, पण विहीर आटलेल्यांचंही नव्हतं. डिसेंबर २०२२ पासून खाणींच्या ब्लॉकचा लिलाव सुरू झाला, जुने डंप मात्र अजून बऱ्याच ठिकाणी तसेच उभे आहेत.