वृद्ध रुग्णांतील मेंदूची गाठ : शस्त्रक्रियेच्या जोखमीचे मूल्यमापन

मेंदूत गाठ असलेल्या वयस्क रुग्णावर शस्त्रक्रिया करावी का, करायची तर किती मोठी आणि नंतर तो पूर्वीसारखा हिंडूफिरू लागेल का, याचा आधीच अंदाज घेण्याची प्रक्रिया. ‘वृद्ध’ कोणाला म्हणायचे यावर एकमत नाही. बहुतेक अभ्यासांत ही सीमा 65 वर्षे, तर काहींत 70 वर्षे धरलेली असते. केवळ जन्मतारीख पाहून शस्त्रक्रिया नाकारण्याची प्रथा मागे पडत चालली आहे. ग्लायोब्लास्टोमा ही अत्यंत घातक गाठ बहुधा साठी ओलांडल्यावरच निघते, त्यामुळे वयाचा अडसर लावला तर पुष्कळ रुग्ण उपचाराविनाच राहतील.

मूल्यमापनाचा पाया आजही कार्नोफ्स्की श्रेणी हाच आहे. डेव्हिड कार्नोफ्स्की आणि जोसेफ बर्चेनाल यांनी ती 1940च्या दशकाच्या अखेरीस कर्करोगावरील औषधांचा गुण जोखण्यासाठी तयार केली. 100 म्हणजे पूर्ण धडधाकट, 0 म्हणजे मृत्यू. 70 गुणांचा माणूस स्वतःचे सगळे करतो, पण कामधंदा करू शकत नाही. 50 गुणांच्या माणसाला बरीच मदत लागते. 70 च्या खाली गेलेल्या रुग्णाची जोखीम जास्त मानली जाते. पण मेंदूच्या गाठीत हा आकडा फसवा ठरतो. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत घरचा हिशोब चोख ठेवणारी आणि आता अंथरुणाला खिळलेली बाई, आणि हृदयविकाराने वर्षानुवर्षे जागेवरच असलेला माणूस, दोघांनाही सारखेच कमी गुण मिळतात. पहिलीची अवस्था गाठीने केलेली आहे आणि गाठ काढल्यावर ती पालटू शकते. दुसऱ्याची पालटणार नाही. कपाळामागच्या मेनिंजिओमामुळे (मेंदूच्या आवरणातून वाढणाऱ्या, बहुधा कर्करोग नसलेल्या गाठीमुळे) आलेला विसराळूपणा आणि निरुत्साह ‘म्हातारपण’ म्हणून सोडून दिला जातो, तो याच गोंधळातून.

हा उलगडा करायला स्टेरॉइडची मदत होते. डेक्सामेथासोन सुरू केल्यावर गाठीभोवतीची सूज एकदोन दिवसांत ओसरू लागते. तेवढ्यात लुळा हात हलू लागला किंवा बोलणे सुधारले, तर दुबळेपणाचा काही भाग तरी सुजेचा होता असे कळते. मात्र या औषधाने साखर वाढते, झोप उडते, कधी भ्रम होतो आणि दीर्घकाळ घेतल्यास मांड्यांचे स्नायू गळतात. म्हणून ते गरजेपुरतेच द्यावे लागते.

वयापेक्षा शरीराचा राखीव साठा किती शिल्लक आहे हे महत्त्वाचे. 2001 मध्ये लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांनी जराजन्य दुर्बलतेची पाच लक्षणे ठरवली: नकळत घटलेले वजन, सततचा थकवा, ढिली पकड, मंद चाल आणि कमी हालचाल. यांपैकी तीन असली की रुग्ण दुर्बल मानला जातो. पण ढिली पकड आणि मंद चाल गाठीमुळेही येते, तेव्हा निदान पकड तरी लुळ्या नसलेल्या हाताची पाहावी. मधुमेह, औषध लागणारा रक्तदाब, फुप्फुसाचा जुनाट आजार, हृदयाची अकार्यक्षमता आणि परावलंबित्व एवढेच मोजणारा पाच मुद्द्यांचा निर्देशांक अभ्यासकांना आवडतो, कारण तो केसपेपरवरूनच काढता येतो. त्याची उणीवही तीच: रुग्णाला उठवून चालवून न पाहताच आकडा हाती येतो. त्यापेक्षा एमआरआयमध्ये आयताच दिसणारा कानशिलाचा स्नायू पाहणे उपयोगी ठरू शकते. तो बारीक झालेला असेल तर अंगातले स्नायूही झिजले असावेत, असा कयास बांधता येतो.

अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेचे एएसए वर्गीकरण 1941 पासूनचे. त्यात अंगातील इतर आजार पाहिले जातात, वय नव्हे. मेनिंजिओमासाठीच्या ‘स्केल’ या गुणपद्धतीत लिंग, कार्नोफ्स्की गुण, एएसए वर्ग, गाठीची जागा आणि भोवतालची सूज एकत्र धरतात.

खुद्द मेंदूही बदललेला असतो. वयानुसार तो आक्रसतो, त्यामुळे कवटीत मोकळी जागा होते आणि गाठ बरीच मोठी होईपर्यंत त्रास जाणवत नाही. आक्रसलेल्या मेंदूवरून जाणाऱ्या नाजूक शिरा ताणलेल्या असतात. मोठी गाठ काढल्यावर मेंदू फुगून ती पोकळी भरत नाही, त्यामुळे शीर फाटून रक्त साठू शकते. मेंदूचे बाहेरचे आवरण कवटीला चिकटलेले असल्याने हाड उचलतानाच ते फाटण्याचा धोका असतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या कधी थांबवायच्या हा वेगळाच पेच: थांबवल्या तर गुठळीची भीती, चालू ठेवल्या तर रक्तस्रावाची.

शस्त्रक्रिया न करण्याचीही किंमत असते, आणि ती गाठीच्या जातीवर ठरते. चुन्यासारखा थर साठलेला लहान मेनिंजिओमा एमआरआयवर नुसता पाहत राहता येतो. ग्लायोब्लास्टोमात तेवढी सवड नसते. फिनलंडमधील 2003 च्या एका छोट्या चाचणीत 65 वर्षांवरील ज्यांची गाठ काढली त्यांच्या जगण्याचा मध्यक 171 दिवस होता, तर फक्त बायॉप्सी (तपासणीपुरता गाठीचा तुकडा काढणे) झालेल्यांचा 85 दिवस. रुग्ण अवघे तीस असल्याने यावर फार भार टाकता येत नाही. पुढे सत्तरीच्या वरच्या रुग्णांवरील फ्रेंच चाचणीत आयुर्मानात ठळक फरक दिसला नाही. गाठ काढलेल्यांचे जगणे मात्र अधिक काळ सुसह्य राहिले. नाजूक प्रकृतीच्या रुग्णात नुसत्या बायॉप्सीनंतर तीस ऐवजी पंधरा सत्रांचे किरणोपचार देण्याचा मार्गही असतो.

तीस दिवसांतील मृत्यू मोजणे सोपे, म्हणून अहवालांत तोच आकडा पुढे असतो. रुग्णाला मात्र वेगळीच चिंता असते: संडासला एकट्याने जाता येईल का, बोलता येईल का. कोणते नुकसान चालेल आणि कोणते मुळीच नको, हे त्याच्याच तोंडून ऐकायला हवे. गाठ भाषेच्या केंद्राजवळ असेल तर त्याला वेळ फार थोडा मिळतो. स्टेरॉइडने वाचा जरा मोकळी झाली की तेवढ्या अवधीतच हे विचारून घ्यावे लागते.