उपाशीपोटीची साखर येते कुठून?

रात्री बेताचंच जेवण झालेलं असतं, गोडाला हातही लावलेला नसतो. तरी सकाळी बोटाला सुई टोचून बघावं, तर ग्लुकोमीटरवरचा आकडा झोपतानाच्यापेक्षा मोठा! मधुमेह असलेल्या कितीतरी जणांचा दिवस या एका आकड्याने नासतो. त्यात घरचेही विचारतात, ‘रात्री उठून काही खाल्लंस का?’ हा प्रश्न फार बोचतो, आणि बहुतेक वेळा अन्यायाचा असतो. कारण ती साखर ताटातली नसते, यकृतातली असते.

प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त असतं. साखर १०० असेल, म्हणजे दर डेसिलिटरला १०० मिलिग्रॅम, तर सगळ्या रक्तात मिळून ती भरते जेमतेम ५ ग्रॅम, लहानसा एक चमचा. आकडा १५० झाला, तर त्यात पडलेली भर अर्ध्याच चमच्याची. मेंदूला झोपेतही साखर लागते, म्हणून यकृत ती रात्रभर थोडी थोडी रक्तात सोडत राहतं. पहाटे कॉर्टिसॉल, ग्रोथ हार्मोन यांसारखी संप्रेरकं वाढली की त्याचा हात आणखी सैल सुटतो. एरवी इन्सुलिन त्याला आवरतं; मधुमेहात तो आवर अपुरा पडतो.

रक्तातली साखर सर्वात जास्त रिचवतात ते स्नायू. स्नायूंच्या पेशींत ग्लुट-४ नावाची वाहक प्रथिनं आत दडून बसलेली असतात. इन्सुलिनचा सांगावा आला की ती पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि साखर आत ओढून घेतात. टाइप २ मधुमेहात हा सांगावा नीट पोचत नाही. पण स्नायू आकुंचन पावू लागले, की हीच प्रथिनं इन्सुलिनची वाट न बघता वर येतात! मला ही शरीरातली फार दिलासा देणारी सोय वाटते. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं तरी ती कामाला लागते. शिवाय व्यायामानंतर दिवसभर स्नायू इन्सुलिनला जास्त चांगला प्रतिसाद देतात.

इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवू शकणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर मात्र जपायला हवं. घाम फुटला, हात थरथरले आणि साखर ७० च्या खाली दिसली, तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर घ्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावं.

सकाळचा आकडा सतत चढा येत असेल, तर दोन-तीन दिवस झोपताना, पहाटे ३ वाजता आणि उठल्यावर, अशा तिन्ही वेळांची साखर लिहून डॉक्टरांना दाखवावी. ३ वाजता साखर ठीक आणि उठल्यावर जास्त, तर कारण बहुधा पहाटेची संप्रेरकं. झोपतानाच जास्त असेल, तर संध्याकाळचं जेवण आणि औषध तपासावं लागेल. आणि ३ वाजता ती फार उतरलेली दिसली, तर रात्रीचा डोस वाढवण्याऐवजी कमी करावा लागू शकतो. तो बदल डॉक्टरच ठरवतील, पण त्यासाठी त्यांना पहाटेचा हा आकडा हवा.