ओव्हरटाईमचा हिशेब घेऊन येण्याआधी हे वाचा

रबाळे, महापे, तुर्भे, वागळे इस्टेट, कुठूनही आलेला कामगार ओव्हरटाईमचे दावे तयार करून देणाऱ्या आमच्या कार्यालयात येऊन बसला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "साहेब, दोन वर्षं रोज ओव्हरटाईम केला, पैसे सिंगलनेच दिले." ते खरंच असतं. पण कोणत्या तारखांना, किती वाजेपर्यंत, असं विचारलं की गाडी अडते. मग आठवून आठवून तारखा काढण्यात तीन-चार फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरीला तुमचा एक खाडा पडतो.

कायदा सरळ आहे. आठवड्याच्या ४८ तासांपुढच्या कामाला दुप्पट दर. १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम ५९ ने तो दिला, २०१९ च्या वेतन संहितेत कलम १४ मध्येही तो आहे. समजा बेसिक (मूळ पगार) आणि डीए (महागाई भत्ता) मिळून महिना १५,६०० रुपये. २६ दिवसांनी भागले की दिवसाचे ६००, तासाचे ७५, म्हणजे ओव्हरटाईमचे तासाला १५०. महिन्यात ४० तास जादा भरले तर ६,००० रुपये होतात. हातावर ३,००० टेकवले असतील तर तेवढेच अजून येणं आहे. ठेकेदाराने पैसे बुडवले तर ते देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. तेव्हा "आम्ही कॉन्ट्रॅक्टचे, आम्हाला कोण देणार" म्हणून गप्प बसू नका.

आता रोजचे तास स्वतः वहीत लिहून ठेवण्याचं. "रजिस्टर ठेवणं कंपनीचं काम, आम्ही कशाला लिहायचं?" असं बरेच जण विचारतात. जबाबदारी मालकाचीच आहे. पण त्या रजिस्टरात रोज सरसकट आठ तास भरलेले निघाले, तर त्यापुढे ठेवायला तुमच्याकडे काय आहे? तुर्भ्याला पॅकिंगमध्ये काम करणाऱ्या एक ताई स्वयंपाकघरातलं कॅलेंडरच गुंडाळून घेऊन आल्या. दुधाचे खाडे लिहितात त्याच चौकटीत बारीक अक्षरात "८ ते ८", "८ ते ९.३०". सलग चौदा महिने. शिवाय मोबाईलवर सुपरवायझरचे "आज थांबायचं आहे" असे मेसेज. त्यांच्या जादा तासांचा तारीखवार तक्ता आम्ही एका दुपारी पुरा केला.

असा तक्ता झाल्याशिवाय आम्ही कंपनीला नोटीस काढत नाही. काहींना याचा राग येतो. पण अंदाजे आकडा टाकला आणि त्यातल्या एखाद्या दिवशी तुम्ही रजेवर होता हे कंपनीने दाखवलं, तर बाकीच्या खऱ्या तासांवरही संशय येतो. हे आम्ही होताना पाहिलं आहे.

फार दिवस थांबूही नका. वेतन संहितेत दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे. त्यापलीकडे वाट बघितली तर दर महिन्याला मागचा एकेक महिना हातचा जातो. नोकरी सोडताना "सर्व येणे मिळाले" अशा कागदावर सही मागितली, तर आधी त्याचा फोटो आम्हाला पाठवा.

पहिली भेट मोफत. तक्ता, नोटीस आणि कामगार आयुक्त कार्यालयातला अर्ज यांची फी ठरलेली आहे, दरपत्रक दारातच लावलं आहे. मिळालेल्या रकमेत आम्ही टक्केवारी घेत नाही. पुढे वकील लागले तर तेही आधी सांगतो. कार्यालय रविवारी सकाळीही उघडं असतं. येताना पगाराच्या स्लिपा, बँकेचं पासबुक, गेटपास आणि ते कॅलेंडर, जसं असेल तसं, घेऊन या.