पोटातले कावळे गप्प कसे बसतात?

२०२५च्या मार्चमध्ये वजन उतरवणारं मौंजारो हे इंजेक्शन भारतात आलं, जूनमध्ये तसंच वेगोवी आलं, आणि आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पार्किंगची भांडणं मागे पडून वजनाची चर्चा सुरू झाली. इंजेक्शनांच्या किमती बघून एका काकांनी लिहिलं, "त्यापेक्षा ते पोटाला पट्टा बांधायचं ऑपरेशन करून घ्यावं. आत जागाच ठेवली नाही तर माणूस खाणार कुठे?" खाली आठ-दहा अंगठे. अर्ध्या तासाने कुणीतरी संमोहनाची जाहिरात टाकली: ऑपरेशनशिवाय, नुसत्या सूचनेने, तुमच्या पोटाभोवती 'काल्पनिक पट्टा' बसवून देऊ.

जाहिरातीकडे नंतर वळतो. काकांना मी उत्तर लिहायला घेतलं आणि ते लांबतच गेलं. काकांचं चुकतंय, पण त्यांना हसण्यात अर्थ नाही. ज्यांनी हा पट्टा बनवला आणि हजारो रुग्णांना बसवला, त्या सर्जन मंडळींचाही बरीच वर्षं हाच समज होता.

आधी वस्तू बघू. समायोज्य जठरपट्टा असा भारदस्त शब्द करता येईल, पण दवाखान्यात सगळे 'बँड'च म्हणतात. सिलिकॉनचं एक कडं. अन्ननलिका जिथे जठराला मिळते, त्याच्या किंचित खाली ते जठराभोवती बसवतात. कड्याच्या आतल्या अंगाला एक फुगा असतो. फुग्यातून बारीक नळी निघते आणि पोटाच्या त्वचेखाली, स्नायूवर टाक्यांनी बसवलेल्या एका छोट्या डबीला जोडलेली असते. ही डबी म्हणजे पोर्ट. बाहेरून सुई टोचून पोर्टमध्ये सलाईन सोडलं की आतला फुगा फुगतो, काढलं की बसतो. जठर कापायचं नाही, आतडं वळवायचं नाही. सगळं काम दुर्बिणीतून. कड्याच्या वर जठराचा जेमतेम टेबलस्पूनभर मावेल एवढा कप्पा उरतो, आणि काकांची सगळी भिस्त या कप्प्यावर आहे.

लुबोमिर कुझमाक या मूळच्या युक्रेनियन सर्जननी १९८६ साली अमेरिकेत न्यू जर्सीत असा फुगवता येणारा बँड वापरायला सुरुवात केली. तेव्हा पोट उघडून ऑपरेशन करावं लागे. मूळचे इथिओपियाचे मितिकू बेलाचेव यांनी १९९३च्या सप्टेंबरमध्ये बेल्जियममधल्या हुई या गावी तो दुर्बिणीतून बसवला आणि मग त्याचा प्रसार झाला. अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने २००१ मध्ये परवानगी दिली. २०१३च्या फेब्रुवारीत न्यू जर्सीचेच गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी गुपचूप बँड बसवून घेतला, मे महिन्यात ते फुटलं, आणि अमेरिकेत घरोघरी हा शब्द पोचला.

पण या बँडची खरी प्रयोगशाळा होती ऑस्ट्रेलियातलं मेलबर्न. तिथल्या मोनॅश विद्यापीठात पॉल ओब्रायन, जॉन डिक्सन, पॉल बर्टन, वेंडी ब्राऊन या मंडळींनी नुसते बँड बसवले नाहीत, ते काम कसं करतात याचा पिच्छा पुरवला. माझी मावसबहीण मेलबर्नलाच असते. तिने २०१० मध्ये बँड बसवून घेतला, त्यामुळे मला यातलं थोडं जवळून बघायला मिळालं.

बँड बसवल्यावर महिना-दीड महिना तो रिकामाच ठेवतात. मग 'फिल' सुरू होतात. ताई सांगते ती पद्धत अशी: कोचावर उताणं झोपायचं, डोकं जरा उचलायचं म्हणजे पोटाचा स्नायू ताठ होतो आणि पोर्ट बोटांना लागतो. सुई नेहमीची चालत नाही. तिचं तोंड बाजूला वळवलेलं असतं, नाहीतर दर वेळी पोर्टच्या पडद्याचा तुकडा पडायचा आणि थोड्याच दिवसांत गळती लागायची. सुई टोचून डॉक्टर दोन-तीन दशांश मिलिलिटर सलाईन सोडतात. मग उठून बसायचं आणि पेलाभर पाणी प्यायचं. सहज उतरलं तर घरी जा, छातीत अडकल्यासारखं झालं तर परत झोपा, थोडं काढून घेऊ.

दोन-तीन दशांश मिलिलिटर म्हणजे पाच-सहा थेंब. एवढ्याने काय होतं? द्रव दाबला म्हणून आकसत नाही, हे शाळेत शिकलोय. बाहेरचं कडं ताणलं जात नाही. मग भर पडलेला प्रत्येक थेंब आतच सरकणार आणि मधलं भोक लहान करणार. नळीतून वाहणाऱ्या द्रवाचा प्रवाह तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलतो; त्रिज्या १० टक्क्यांनी घटली की प्रवाह साधारण एकतृतीयांशाने घटतो. पोळीचा घास म्हणजे पाणी नव्हे, हे गणित त्याला तंतोतंत लागू पडत नाही, पण पाच-सहा थेंबांनी माणसाचं जेवण का बदलतं याचा अंदाज येतो.

आता मुख्य गोष्ट. जरा सावकाश वाचा, मलाही हे पहिल्या वाचनात कळलं नव्हतं.

काकांच्या म्हणण्याप्रमाणे बँड म्हणजे बंधारा: वरचा कप्पा भरतो, अन्न तिथे तुंबतं, हळूहळू झिरपतं, तोवर माणसाला पोट भरल्यासारखं वाटतं. हे खरं असेल तर जेवणानंतर कप्प्यात अन्न सापडायला हवं. मेलबर्नच्या गटाने किंचित किरणोत्सारी खूण केलेलं अन्न रुग्णांना खायला दिलं आणि ते कुठे कुठे जातं ते कॅमेऱ्याने पाहिलं. बँड नीट जुळवलेला असेल तर कप्पा रिकामा! बँडच्या वर अन्न थोडंसंच रेंगाळतं आणि पुढे जातं. खालचं मोठं जठरही नेहमीच्याच वेगाने रिकामं होतं. बंधाऱ्यामागे तळंच नाही. आणि तरीही या लोकांना तासन्‌तास भूक नव्हती.

मग त्यांनी नाकातून बारीक नळी अन्ननलिकेत सोडली. तिच्यावर जवळजवळ बसवलेले दाबमापक असतात. त्यामुळे घास गिळल्यापासून जठरात पडेपर्यंत कुठे किती दाब आहे हे सेकंदासेकंदाला दिसतं. बँडच्या जागी आतला दाब भरला साधारण २० ते ३० मिलिमीटर पारा. तुमचं वरचं रक्तदाबाचं माप १२० असतं, त्यावरून बघा: बँडने जठराला फास लावलेला नसतो, नुसता हात धरलेला असतो. अन्ननलिकेच्या टोकाला जी नैसर्गिक झडप असते तिचा दाबही जवळपास इतकाच.

घास येतो. अन्ननलिकेची लाट त्याला ढकलत खाली आणते. अजगर भक्ष्य सरकवतो तशी. बँडपाशी विरोध होतो, घासाचा थोडा भाग पलीकडे जातो, उरलेला मागे, अन्ननलिकेच्या खालच्या टोकात येतो. तिथली भिंत ताणली जाते आणि आपोआप दुसरी लाट सुटते. ही लाट गिळल्यामुळे येत नाही, मागे आलेल्या अन्नामुळे येते. पुन्हा थोडं पलीकडे, थोडं मागे. एकेका घासाला अशा दोन ते सहा लाटा लागतात आणि घास पार व्हायला मिनिटभर जातं. बँड नसलेल्या माणसात हे काम बहुधा एका लाटेत होतं.

म्हणजे दर घासाला बँडच्या वरच्या दोन-तीन सेंटीमीटरच्या भागात भिंत ताणली जाते, सैलावते, पुन्हा ताणली जाते. आणि भिंतीत ताण मोजणारे तंतू आहेत! व्हेगस ही मेंदूच्या देठातून निघून छाती-पोटापर्यंत पसरलेली लांबलचक नस. तिच्यातले बहुतेक तंतू पोटाची खबर मेंदूकडे नेणारे. जठराच्या आणि अन्ननलिकेच्या भिंतीत स्नायूंचे दोन थर असतात, त्यांच्यामध्ये यातल्या काही तंतूंची टोकं चपट्या पापुद्र्यांसारखी पसरलेली असतात. स्नायूवर ताण आला की ती संदेश सोडतात. पोटभर जेवल्यावर जो 'बस्स' येतो, त्यातला बराच वाटा त्यांचा. बँडमुळे तोच संदेश वाटीभर जेवणात जातो, असा या मंडळींचा निष्कर्ष. उंदरांच्या जठराभोवती छोटा बँड बसवून तो फुगवला, तेव्हा मेंदूच्या देठात जिथे व्हेगसचे तंतू पोचतात तिथल्या पेशी जाग्या झालेल्या दिसल्या आणि उंदरांचं खाणं घटलं.

एवढंच असतं तर भूक फक्त जेवताना लवकर मेली असती. पण ती जेवण्याआधीही कमी असते, आणि मला सगळ्यात आवडतो तो प्रयोग याबद्दलचा आहे. डिक्सन मंडळींनी २००५ मध्ये बँडमुळे वजन उतरलेले काही रुग्ण घेतले. एकदा त्यांचा बँड नीट भरलेला ठेवला, एकदा त्यातलं सलाईन काढून घेतलं. कोणत्या खेपेला काय केलंय हे रुग्णांना सांगितलं नव्हतं. सकाळी, रात्रभराच्या उपाशी पोटी, भूक किती हे विचारलं. बँड भरलेला असताना भूक स्पष्टपणे कमी! पोटात अन्नाचा कण नाही, कप्प्यात काही नाही, तरीही. बँडचा तो हलका दाबच सतत काहीतरी सांगत असावा. घ्रेलिन या भुकेच्या संप्रेरकाकडे बोट दाखवावं, तर बँडने ते कमी होताना दिसत नाही. स्लीव्ह नावाच्या दुसऱ्या ऑपरेशनमध्ये घ्रेलिन बनवणारा जठराचा भागच कापून टाकतात, तिथे ते घटतं. इथे तसं काही नाही.

भुकेला एवढं महत्त्व का, हेही मेलबर्नच्याच दुसऱ्या एका गटाने दाखवलं. ५० जाड माणसांना दहा आठवडे अत्यंत कमी उष्मांकाच्या आहारावर ठेवलं, वजन उतरलं, आणि वर्षभराने पाहिलं तर त्यांची भुकेची संप्रेरकं अजून 'खा, खा' म्हणत होती. २०११ सालचा हा अभ्यास. 'तोंडावर ताबा ठेव' असं सुनावणाऱ्या नातेवाइकांना तो छापून द्यावा.

आणि इथेच काकांचा हिशोब उलटा पडतो. बंधारा असता तर जितका घट्ट तितका चांगला. प्रत्यक्षात बँड गरजेपेक्षा घट्ट केला की पोळी, भात, कोशिंबीर काही उतरत नाही, रात्री आंबट पाणी घशाशी येतं, आणि माणूस जे सहज घसरेल त्याकडे वळतो. आइस्क्रीम, चॉकलेट, आपल्याकडचं श्रीखंड, बासुंदी, आमरस. हे सगळं एका लाटेत पार होतं, भिंत ताणतच नाही, 'बस्स' येत नाही. घट्ट बँड आणि वाढतं वजन, अशी जोडी तज्ज्ञांना चांगली ओळखीची आहे.

ताईचं जेवण मी २०१३ मध्ये पाहिलं. अर्धी वाटी उसळ, पाव पोळी. नखाएवढा घास, अगदी पातळ होईपर्यंत चावायचा, गिळायचा, चमचा खाली ठेवायचा, समोरच्या घड्याळाकडे बघायचं. मिनिट झालं की पुढचा. ताज्या मऊ पोळीची तिला धास्ती. तिचा गोळा होतो आणि छातीच्या मधोमध बसतो. वीस मिनिटांनी तिने उरलेलं माझ्याकडे सरकवलं. "अगं, संपव ना एवढंसं," मी म्हटलं. ती म्हणाली, "होत नाही असं नाही. नकोच वाटतं."

फळ काय मिळतं? डिक्सन यांच्या २००८च्या अभ्यासात नव्याने मधुमेह झालेले ६० जण होते. दोन वर्षांनी बँडवाल्यांपैकी ७३ टक्क्यांचा मधुमेह मागे हटला होता, नुसत्या आहार-औषधांवर असलेल्यांपैकी १३ टक्क्यांचा. ओब्रायन यांनी २०१३ मध्ये मांडलेल्या पंधरा वर्षांच्या हिशोबात जादा वजनापैकी ४७ टक्के उतरून टिकलं होतं. म्हणजे ६५ किलो योग्य असताना ११० किलो असलेल्या माणसाचे साधारण २१ किलो.

पण तोच हिशोब सांगतो की त्यांच्याकडेही ४३ टक्के रुग्णांना पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर जावं लागलं. ब्रुसेल्समधून २०११ मध्ये आलेला बारा वर्षांचा अहवाल तर फारच निराश करणारा: जवळपास निम्म्यांचे बँड काढावे लागले, आणि चौघांपैकी एकाहून जास्त जणांत बँड झिजत झिजत जठराच्या आत घुसला होता. शिवाय बँड सरकतो, कप्पा फुगतो, नळी गळते, पोर्ट उलटा होतो. २००८ मध्ये जगभरच्या वजनाच्या ऑपरेशनांत ४२ टक्के वाटा बँडचा होता, २०१३ पर्यंत तो १० टक्क्यांवर आला आणि स्लीव्हने त्याची जागा घेतली. माझ्या मते यात कारागिरीइतकाच देखभालीचाही दोष आहे. मेलबर्नमध्ये फिल ही आयुष्यभराची सोबत मानली गेली. कॅलिफोर्नियात मात्र हमरस्त्यांवर बँडचे फलक लागले आणि २०११ मध्ये जाहिरातीत धोके लपवल्याबद्दल एफडीएला इशारापत्रं धाडावी लागली.

राहिली संमोहनाची जाहिरात. काल्पनिक पट्ट्याला दाब नसतो, त्याने भिंत ताणली जात नाही. सावकाश खाण्याची सवय त्याने कुणाला लागली तर छानच, पण त्यासाठी पैसे मोजायची गरज नाही; घड्याळ घरात असतंच.

२०२१ मध्ये ताईला रात्री झोपेत खोकला येऊ लागला. बेरियम पाजून काढलेल्या एक्स-रेत अन्ननलिका थोडी रुंदावलेली दिसली. जेवण नेहमीसारखं चालू होतं, वजनही तेच होतं, पण डॉक्टर म्हणाले, अन्ननलिकेला महिनाभर सुट्टी देऊ, आणि सगळं सलाईन काढून घेतलं. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. आवाजात घाबरल्यासारखं काहीतरी होतं. "सकाळचे अकरा वाजलेत, आत्ताच खाल्लंय, आणि पोटात कावळे ओरडतायत. अकरा वर्षांत विसरलेच होते रे मी हे."

बँड अजून जागच्या जागीच होता. सहा मिलिलिटर मिठाचं पाणी तेवढं कमी झालं होतं.