1549 चा प्रार्थनापुस्तक उठाव : पार्श्वभूमी

नैऋत्य इंग्लंडमधल्या डेव्हन आणि कॉर्नवॉल या परगण्यांतला असंतोष लॅटिन उपासनेच्या जागी आणलेल्या नव्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकाच्या आधीचा आहे. आठव्या हेन्रीने मठ बंद केले तेव्हा हा मुलूख बराचसा गप्प राहिला होता. 1547 नंतर मात्र सहाव्या एडवर्ड या बालराजाच्या नावाने कारभार पाहणाऱ्यांनी थेट गावच्या चर्चला हात घातला. मूर्ती उतरवल्या, मिरवणुका बंद केल्या, मृतांसाठी प्रार्थना चालवणाऱ्या संस्था बरखास्त केल्या. चर्चमधल्या चांदीच्या भांड्यांच्या याद्या होऊ लागल्या, तेव्हा पुढची पायरी जप्तीची, हे लोकांनी ओळखलं. ही भांडी, ही वस्त्रं गावाच्या पैशातून आलेली होती. अनेक गावांत तरुण मुलांचे आणि मुलींचे वेगळे निधी असत आणि त्यातून संतांपुढचे दिवे तेवत. 1548 मध्येच कॉर्नवॉलमधल्या हेल्स्टनला मूर्ती काढायला आलेल्या अधिकाऱ्याला जमावाने ठार मारलं होतं.

नवं पुस्तक 9 जून 1549 च्या रविवारी लागू झालं. दुसऱ्याच दिवशी डेव्हनमधल्या सॅम्पफर्ड कोर्टनी गावच्या लोकांनी पाद्रीला जुनी वस्त्रं चढवायला लावून लॅटिन मास (जुन्या कॅथलिक पद्धतीची मुख्य उपासना) म्हणवून घेतला. कॉर्नवॉलमध्ये बॉडमिनहूनही माणसं निघाली. डेव्हनचं मुख्य शहर एक्सेटर, त्याच्या जवळच्या क्लिस्ट सेंट मेरी गावात घोड्यावरून जाणाऱ्या एका जमीनदाराने जपमाळ घेऊन चर्चला निघालेल्या म्हातारीला कायद्याचा धाक दाखवला. तिने चर्चमध्ये जाऊन सांगितलं, की हे सरदार आपल्याला घरात जाळतील. गावकऱ्यांनी लगेच पुलावर अडथळे उभे केले. सरकारपक्षाच्या माणसांनी क्रेडिटनला कोठारं पेटवली होती, त्यामुळे तिचं बोलणं कुणाला खोटं वाटलं नाही.

खरा वाद उठावकऱ्यांनी सरकारपुढे ठेवलेल्या मागण्यांवरून आहे. त्यात एक वाक्य असं, की आम्हा कॉर्निश (कॉर्नवॉलच्या) लोकांपैकी काहींना इंग्रजी कळत नाही, म्हणून ही इंग्रजी उपासना आम्हाला नको. इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख धर्मगुरू आर्चबिशप क्रॅन्मर याने उत्तर दिलं, की मग लॅटिन तरी तुमच्यापैकी किती जणांना कळतं? या प्रश्नाला आजही बिनतोड मानणारे आहेत. मला तो अर्धवट वाटतो. लॅटिन मासचा शब्द न् शब्द कळण्याची गरजच नव्हती. कुठे घंटा वाजते, कुठे गुडघे टेकायचे, हे पिढ्यान्‌पिढ्या अंगात मुरलेलं होतं. उठावकऱ्यांनी नव्या उपासनेला नाताळच्या खेळाची उपमा दिली होती, त्यात हाच दुखावलेपणा आहे.

तरीही भाषेवरच सगळा भार टाकता येत नाही. पहिली ठिणगी पडली ते गाव डेव्हनचं, आणि डेव्हनचे लोक इंग्रजीच बोलत. मेंढ्यांवर आणि कापडावर नवा कर बसला होता, त्याची तक्रार सुरुवातीच्या निवेदनांत होती. अखेरच्या यादीत ती उरली नाही. तिथे मठांच्या बळकावलेल्या जमिनींपैकी निम्म्या परत द्या आणि वर्षाला शंभर मार्क (तेव्हाचं हिशेबाचं चलन) उत्पन्नामागे जमीनदाराने एकच नोकर ठेवावा, अशा मागण्या आहेत. बाकी जवळजवळ सगळी यादी धर्माची आहे. पाद्रीही उठावात होते, पण पाद्र्यांनी भोळ्या शेतकऱ्यांना भडकावलं हे सरकारी कथन मान्य करायचं, तर गावकऱ्यांनीच आपल्या पाद्रीला वस्त्रं चढवायला लावली याचं काय करायचं?

पाठिंब्याला मर्यादा होत्या. एक्सेटरमध्ये जुन्या धर्माचे लोक भरपूर होते, तरी उठावकऱ्यांनी घातलेल्या पाच आठवड्यांच्या वेढ्यात शहराने दरवाजे उघडले नाहीत. बडे जमीनदारही बहुतेक दूरच राहिले, कारण मठांच्या जमिनी त्यांच्याच पदरात पडल्या होत्या. सरकारने जर्मन आणि इटालियन भाडोत्री सैनिक आणले. एक्सेटरजवळच्या क्लिस्ट हीथ या माळावर शेकडो बांधलेल्या उठावकरी कैद्यांचे गळे चिरले गेले.

वेल्श भाषेत प्रार्थनापुस्तक 1567 मध्ये आलं. कॉर्निश या कॉर्नवॉलच्या स्वतंत्र भाषेत ते त्या काळी आलंच नाही, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस ती भाषा रोजच्या बोलण्यातून गेली. पुनरुज्जीवनाची चळवळ विसाव्या शतकातली, सरकारी मान्यता 2002 ची. आज कॉर्नवॉलमध्ये 1549 ची आठवण निघते ती मुख्यतः भाषेच्या आणि अस्मितेच्या अंगाने. 2007 मध्ये कॉर्नवॉलमधल्या ट्रुरोच्या अँग्लिकन (इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्या) बिशपांनी त्या वेळची कत्तल ही मोठी चूक होती असं जाहीरपणे म्हटलं. डेव्हनच्या मृतांची आठवण त्यामानाने फारच कमी निघते.