वनौषधींची लागवड व शेतावरील औषधनिर्मिती

औषधी गुण असलेल्या वनस्पती स्वतःच्या शेतात लावणे, योग्य वेळी काढणे, वाळवून टिकवणे आणि त्यांपासून चूर्ण, काढा, तेल, मलम यांसारखी साधी औषधे करून गरजूंना देणे, ही सारी कामे एकाच जाणकाराच्या वा कुटुंबाच्या हाताखाली चालवण्याची पद्धत. अन्य पिकांचे मोल बहुधा वजनावर ठरते. वनौषधींचे मोल त्यांतील क्रियाशील, म्हणजे औषधी परिणाम घडवणाऱ्या, द्रव्यांवर ठरते. ही द्रव्ये वाण, माती, हंगाम, काढणीची वेळ आणि वाळवणीची रीत यांनुसार कमीअधिक होत असल्यामुळे औषधाची प्रत बऱ्याच अंशी शेतातच निश्चित होते आणि म्हणूनच लावणारा व औषध करणारा एकच असण्याला महत्त्व आहे.

वनस्पतीची अचूक ओळख ही या कामातील पहिली व सर्वांत मोठी जबाबदारी होय. ब्राह्मी या नावाने बाकोपा मोनिएरी आणि सेंटेला एशियाटिका या दोन अगदी भिन्न वनस्पती ओळखल्या जातात, तर फुलोरा येण्यापूर्वी डिजिटॅलिस या विषारी वनस्पतीची पाने कॉम्फ्री या औषधी वनस्पतीच्या पानांसारखी दिसत असल्याने त्यांच्या गल्लतीतून गंभीर विषबाधा झालेल्या आहेत. त्यामुळे रोपे वा बियाणे खात्रीच्या ठिकाणाहून, शास्त्रीय नावानिशी घ्यावे आणि प्रत्येक वाफ्यावर तेच नाव लावावे.

गुळवेल छाटांपासून, कोरफड बुंध्याशी फुटणाऱ्या पिल्लांपासून, तर वेखंड जमिनीखालील खोडाच्या तुकड्यांपासून वाढवतात. पेपरमिंट हा वंध्य संकर असल्यामुळे त्याचे बी उपयोगी पडत नाही. त्याची लागवड धावत्या खोडांपासूनच करावी लागते. मुळांसाठी घेतल्या जाणाऱ्या पिकांना भुसभुशीत, निचऱ्याची जमीन हवी, कारण घट्ट मातीत मुळे नीट पोसत नाहीत आणि काढताना तुटतात. अश्वगंधा साधारणतः 150 ते 180 दिवसांत काढणीस येते, सर्पगंधेला दोन ते तीन वर्षे लागतात, तर जिनसेंग सावलीत चार ते सहा वर्षे सांभाळावे लागते. इतका काळ जमीन अडकून पडते, तरीही ही लागवड मोलाची आहे, कारण रानातून मुळासकट उपटण्यामुळे कित्येक जाती विरळ झाल्या आहेत. गुग्गुळ व जटामांसी या दोन्ही अतिसंकटग्रस्त गणल्या जातात, आणि सर्पगंधेच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत.

सर्वसाधारणपणे पाने फुलोऱ्याच्या आधी वा तो सुरू होताना, फुले नुकती उमलल्यावर, बी पक्व झाल्यावर आणि मुळे वनस्पतीची वाढ थांबलेल्या काळात काढतात. सुगंधी वनस्पती दव सुकल्यानंतर पण ऊन तापण्यापूर्वी तोडणे हिताचे, कारण त्यांतील तेल उष्णतेने उडून जाते. याच कारणासाठी पाने व फुले सावलीत, खेळत्या हवेत, पातळ थरात पसरतात. यंत्राने वाळवायची झाल्यास तापमान सुमारे 40 अंश सेल्सिअसच्या आसपास राखतात. माल पुरेसा वाळला नाही तर साठवणीत बुरशी धरते, आणि काही बुरश्या यकृतास घातक अशी विषे निर्माण करतात. उत्तम पिकाची नासाडी शेतापेक्षा वाळवणीच्या खोलीतच अधिक होते, म्हणून साधनांवर खर्च करायचा तर तो प्रथम येथे करावा. जागतिक आरोग्य संघटनेने 2003 मध्ये औषधी वनस्पतींच्या लागवडीसाठी व संकलनासाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली असून त्यांत जमिनीच्या पूर्वेतिहासापासून साठवणीपर्यंतच्या नोंदी ठेवण्यावर भर आहे.

औषध कसे सिद्ध करायचे हे द्रव्याच्या स्वभावावर अवलंबून असते. कठीण मुळे व साली उकळून काढा करतात, कोवळी पाने व फुले गरम पाण्यात झाकून ठेवून फांट करतात, आणि उष्णतेने बिघडणारी द्रव्ये थंड पाण्यात भिजवून हिम करतात. आर्टेमिसिया ॲनुआ या वनस्पतीपासून हिवतापावरील आर्टेमिसिनीन मिळवताना चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना कमी तापमानात अर्क काढल्यावरच यश आले. या शोधाबद्दल त्यांना 2015 चे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र त्याच वनस्पतीचा पाला वा चहा हिवतापावर घेऊ नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे, कारण त्यातील द्रव्याचे प्रमाण अनिश्चित असते आणि अपुऱ्या मात्रेमुळे रोगजंतूंत औषधाविरुद्ध प्रतिकारशक्ती निर्माण होण्याचा धोका असतो.

शेतावर औषध करणाऱ्याची मर्यादाही येथेच आहे. डिजिटॅलिसच्या बाबतीत गुणकारी व घातक मात्रेत अंतर फार थोडे असल्याने अशा वनस्पती घरगुती औषधनिर्मितीत अजिबात वापरू नयेत. नित्याच्या वापरातील वनस्पतीही सर्वांना निर्धोक नसतात : ज्येष्ठमध दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढतो व रक्तातील पोटॅशियम घटते, सेंट जॉन्स वर्ट या औदासीन्यावर वापरल्या जाणाऱ्या वनस्पतीमुळे गर्भनिरोधक गोळ्या व रक्त पातळ करणाऱ्या काही औषधांचा प्रभाव कमी होतो, आणि गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. म्हणून घेणाऱ्याचे वय, गर्भावस्था, आजार आणि चालू औषधे यांची चौकशी केल्याशिवाय काहीही देऊ नये, आणि गंभीर वा लांबलेल्या तक्रारीत रुग्णाला विनाविलंब डॉक्टरांकडे पाठवावे. वनस्पती पिकवण्याला सहसा परवाना लागत नसला, तरी औषध म्हणून विक्री करण्याला अनेक देशांत तो आवश्यक असतो. वेष्टनावर शास्त्रीय नाव, वापरलेला भाग व काढणीची तारीख नोंदवलेली असली, म्हणजे काही त्रास उद्भवल्यास तो नेमका कोणत्या वाफ्यातील मालामुळे झाला हे शोधता येते.