कोपरावर येणारा चेंडू : फोरहँड की बॅकहँड?

टेबल टेनिसचे टेबल २.७४ मीटर लांब असते. सेकंदाला सरासरी १५ मीटर वेगाने आलेला चेंडू हे अंतर सुमारे ०.१८ सेकंदात कापतो, तर नजरेला दिसलेल्या खुणेला ठरलेला एकच प्रतिसाद द्यायलाही माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. पर्याय वाढले की हा वेळही वाढतो; मानसशास्त्रज्ञ विल्यम हिक यांनी १९५२ मध्ये हे नाते सूत्रात मांडले. त्यामुळे फोरहँड (तळहाताच्या बाजूने मारायचा फटका) की बॅकहँड (हाताच्या मागच्या बाजूने मारायचा फटका) हा निर्णय चेंडू जाळीवरून येत असताना घ्यायला बसलो, तर उशीर झालेलाच असतो.

हा उशीर सर्वांत जास्त नडतो तो रॅकेट धरलेल्या हाताच्या कोपरावर येणाऱ्या चेंडूला. फोरहँडसाठी चेंडू शरीराच्या बाजूला आणि किंचित पुढे हवा असतो, बॅकहँडसाठी तो पोटासमोर हवा असतो, आणि या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात कोणताच फटका मोकळेपणाने बसत नाही. म्हणूनच जाणते खेळाडू मुद्दाम तिथे मारा करतात. हा पट्टा टेबलाच्या मधल्या पांढऱ्या रेषेला बांधलेला नसून खेळाडूबरोबर सरकतो, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

समजा, दोन्ही खेळाडू उजव्या हाताचे आहेत आणि आपण चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या फोरहँडच्या कोपऱ्यात दूर टाकला. तिथून तो तिरका मारून आपल्या उजव्या कडेबाहेरही चेंडू काढू शकतो, पण आपल्या डाव्या बाजूला त्याला तेवढा कोन मिळत नाही. अशा वेळी टेबलाच्या मध्याला चिकटून न राहता थोडे उजवीकडे सरकले, की संभाव्य माऱ्याचा मध्य आपल्या कोपरासमोर येतो आणि दोन्ही फटक्यांच्या वाट्याला सारखे क्षेत्र येते. आपला फटका संपता संपताच हे सरकणे व्हायला हवे. त्याचबरोबर प्रतिस्पर्ध्याचा खांदा आणि रॅकेटचा कोन पाहिला, तर दिशेचा अंदाज आधीच बांधता येतो. तरीही चेंडू कोपरावर आलाच आणि सरकायला वेळ नसला, तर लहान हालचालीत बसणारा बॅकहँड सहसा अधिक भरवशाचा ठरतो.

सरावात एक फोरहँड, एक बॅकहँड असा ठरलेला क्रम घोटल्याने फटका सुधारतो, पण निवड सुधारत नाही, कारण निवडायचे काही उरतच नाही. त्यासाठी मल्टिबॉल सरावात, म्हणजे एकामागून एक अनेक चेंडू टाकून घेतलेल्या सरावात, चेंडू टाकणाऱ्याने क्रम मोडावा आणि अधूनमधून थेट कोपरावर चेंडू द्यावा. सुरुवातीला चुका वाढतील, तेव्हा ठरलेल्या क्रमाकडे परतू नये, वेग कमी करावा.